पूर्ण पटतं

प्रश्नावली सिस्टरच्या हातात आली तेव्हा ती परक्या भाषेत होती, आणि तिचा विषय मराठीत कसा म्हणायचा हेच कोणाला धड ठाऊक नव्हतं. कर्करोगाचा पेशंट स्वतःसाठी किती बोलतो, किती विचारतो, नको असेल ते नको म्हणतो की नाही, हे मोजायची ती प्रश्नावली. भाषांतर करणाऱ्या प्राध्यापकांनी आधी ‘स्ववकिली’ असा शब्द काढला. तो फॉर्म पहिल्याच आजींच्या हातात पडला, तेव्हा त्यांनी त्याची नीट घडी केली आणि परत दिला. म्हणाल्या, “बाई, आम्हाला कोर्टाची पायरी चढायची नाही. दवाखान्याच्याच भरपूर चढून झाल्यात.”

मग शब्द बदलले. ‘स्वतःची बाजू मांडणे’ आलं. मूळ प्रश्नावली कधी न पाहिलेल्या एका बाईंनी मराठीवरून परत उलटं भाषांतर करून दिलं, ते मुळाशी ताडून पाहिलं आणि कसंबसं जुळलं. आता खरं काम उरलं होतं. पेशंटकडून ती भरून घ्यायची, काही दिवसांनी त्याच पेशंटकडून पुन्हा भरून घ्यायची, आणि मराठीतली ही फूटपट्टी सरळ आहे की वाकडी ते पाहायचं.

सिस्टरने याच इस्पितळाच्या कर्करोगाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली होती. सध्या अभ्यासरजेवर होती, पुढची पदवी करत होती. अंगावर युनिफॉर्म नव्हता, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. प्रत्येक पेशंटला फॉर्म देताना ती एकच वाक्य सांगायची: “तुमची उत्तरं माझ्याकडेच राहतील. डॉक्टरांना, घरच्यांना, कोणाला कळणार नाहीत.” हे ऐकलं की लोक जरा सैलावत.

फॉर्मची परीक्षा घ्यायची आणखी एक रीत होती. डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटबद्दल आपलं मत वेगळं नोंदवायचं, हा किती बोलतो, किती विचारतो. पेशंटचे स्वतःचे गुण आणि डॉक्टरांचं मत साधारण एका दिशेने गेलं, म्हणजे प्रश्नावली बरी चालली. बहुतेकांचं तसं जातही होतं. फक्त कवळीकाकांचं गेलं नाही.

कवळीकाका दातांच्या कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवत, काका त्यावरून कवळी करून देत. आतड्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आणि आजार परत येऊ नये म्हणून घरी घ्यायच्या गोळ्या चालू होत्या, सकाळी आणि रात्री. काकांनी फॉर्मवर जवळपास सगळीकडे ‘पूर्ण पटतं’ वर खूण केली होती. सगळ्या पेशंटांत सर्वांत जास्त गुण त्यांचे. आणि डॉक्टरांनी सर्वांत कमी दिले होते तेही त्यांनाच.

सिस्टरला वाटलं आपणच आकडे भरताना घोळ घातला. तिने कागद काढून पाहिले. घोळ नव्हता. मग ती डॉक्टरांना विचारायला गेली.

“ते कवळीवाले?” डॉक्टर म्हणाले. “अहो, माझा सगळ्यात गुणी पेशंट. सांगितलं की हो. कधी उलटून प्रश्न नाही. सगळे असे असते तर माझी ओपीडी वेळेवर संपली असती.”

तिच्या प्रबंधाच्या गाईड मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि चष्मा काढला. “एक तर प्रश्न चुकलाय, नाहीतर माणसाला कळला नाहीये. जा, त्यांना एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लाव आणि उत्तर असं का दिलं ते विचार.”

म्हणून सिस्टर कवळीकाकांच्या घरी गेली. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, पांढऱ्या प्लास्टरचे साचे, आणि दात. पिवळसर, पांढरे, करडे, रंगांप्रमाणे लावून ठेवलेले नवे दात. काही जबडे बिजागरीवर बसवलेले होते, हाताने दाबले की उघडझाप करायचे. काका एका जबड्यावर गुलाबी मेणात दात बसवत होते. काकू चहा ठेवून गेल्या.

“वाचा काका,” सिस्टर म्हणाली.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “‘माझ्या उपचारांबद्दलचे निर्णय मी स्वतः घेतो.’ पूर्ण पटतं.”

“कसं काय? एखादं उदाहरण सांगा.”

“मीच घेतो ना. दुसरं कोण घेणार, पोट माझं.”

“बरं, पुढचं.”

“‘डॉक्टरांचं म्हणणं पटलं नाही, तर मी तसं सांगतो.’ पूर्ण पटतं.”

“डॉक्टर तर म्हणतात तुम्ही त्यांना कधीच काही म्हणत नाही.”

“त्यांना कशाला म्हणू?” काकांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “कोणाला सांगतो ते तुमच्या कागदावर कुठे लिहिलंय? मी मला सांगतो. ठामपणे सांगतो.”

सिस्टरने कागदाकडे पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. मूळ प्रश्नावलीतही नव्हतं; तिकडच्या लोकांना ते लिहायची गरज वाटली नसावी.

“आणि हे,” काका स्वतःच पुढे गेले, “‘मला नको असलेल्या गोष्टीला मी नकार देऊ शकतो.’ देतो की. सिस्टर, एवढं शिकलात, एक साधी गोष्ट सांगतो. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. डॉक्टर मोठा माणूस आहे, दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकतो. त्याच्या तोंडावर नाही म्हणून त्याला कशाला दुखवा? हो म्हणावं, घरी यावं आणि आपल्याला झेपेल तेवढं करावं.”

“झेपेल तेवढं म्हणजे?”

काकांनी दाराकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं लालसर होती, कातडी पापुद्र्यांसारखी सुटलेली.

“गोळ्यांनी हे झालं. मुंग्या, आग. मेणावर बोट फिरवलं तर कळेना की उंचवटा आहे की खळगा. कवळी टोचली तर माणूस जेवू शकत नाही. मग मी रात्रीच्या गोळ्या सोडल्या. सकाळच्या घेतो, इमानदारीत.”

“आणि रात्रीच्या?”

“ही रोज हातावर ठेवते. मी म्हणतो, कामाच्या खोलीत पाण्याबरोबर घेतो. आणि त्या इथे जातात.” त्यांनी टेबलाखालच्या बादलीकडे बोट दाखवलं. तिच्यात उरलंसुरलं ओलं प्लास्टर टाकत, ते दगडासारखं घट्ट झालं की ढेकूळ बाहेर टाकून देत. “प्लास्टरमध्ये बसली की बसली. कोणाला दिसत नाही.”

सिस्टरचा चहा तसाच राहिला. वॉर्डात असती तर तिने त्याच क्षणी फाईलवर लिहिलं असतं आणि डॉक्टरांना फोन लावला असता. पण इथे ती कागद घेऊन आली होती, आणि ते वाक्य तिनेच सांगितलं होतं, कोणाला कळणार नाही.

“काका, तुम्ही हे डॉक्टरांना सांगा.”

“कशाला? हात बरे व्हायला लागलेत. तब्येत चांगली आहे. तुम्ही कोणाला सांगायचं नाही, असं ठरलंय आपलं.”

बसमध्ये बसल्यावर तिने कागद पुन्हा काढला. या माणसाचे गुण जास्त धरायचे की कमी? तो स्वतःसाठी निर्णय घेत होता, यात शंका नव्हती. इतका ठाम निर्णय वॉर्डात कोणी घेतलेला तिने पाहिला नव्हता. आणि तो तोंडातून एक अक्षर काढत नव्हता. प्रश्नावली बरोबर होती का चूक? माणूस बरोबर होता का चूक? आणि आजार परत आला तर? एका प्रश्नाचं शेपूट धरावं तर दुसरा अंगावर यायचा. तिचा उतरायचा थांबा मागे गेला तेही तिला कळलं नाही.

गाईड मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. काकांचं नाव तिने सांगितलं नव्हतं, तरी मॅडमनीच तिला तिकडे पाठवलं होतं, त्यांना कळलंच असणार.

“हे तू सिस्टर म्हणून ऐकलंस की संशोधक म्हणून?”

“मॅडम, मी एकच आहे.”

“कागदावर दोन आहेस.” मॅडम म्हणाल्या. “सांगितलंस तर उद्यापासून एकही पेशंट तुला खरं बोलणार नाही. नाही सांगितलंस आणि त्यांना काही झालं, तर तू स्वतःला माफ करणार नाहीस. आपण संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीला पत्र लिहू. पण समिती कधी बसेल ते सांगता येत नाही.”

“तोवर मी काय करू?”

“त्यांनाच सांगायला लाव.”

इकडे आड, तिकडे विहीर. सिस्टर दोनदा काकांना इस्पितळाच्या गेटवर गाठून बोलली. काका प्रत्येक वेळी “हो, सांगतो की” म्हणाले. त्यांच्या ‘हो’चा अर्थ काय असतो हे आता तिला माहीत झालं होतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी ती मुद्दाम ओपीडीबाहेर बाकावर बसून राहिली. दार अर्धवट उघडं होतं. आत डॉक्टर खुशीत होते.

“रिपोर्ट छान आहेत. रक्त छान आहे. गोळ्या मस्त सोसताय तुम्ही. हातापायांना काही त्रास?”

“काही नाही.”

“वाटलंच होतं. सुरुवातीला मी वय बघून डोस जरा कमीच ठेवला होता. एवढं सोसतंय तर आता पूर्ण करून टाकू. चालेल ना?”

“हो,” काका म्हणाले.

बरोबर आलेल्या काकू चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेल्या. काका बाहेर आले आणि सिस्टरच्या शेजारी बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते.

“आता सकाळच्याच वाढणार,” ते म्हणाले. “अर्ध्या टाकल्या तरी आत्तापेक्षा जास्तच पोटात जाणार. हिशोब चुकला माझा.”

सिस्टरने त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

“सगळ्याच सोडाव्यात का?”

“काका.”

“नाही, विचारतोय.”

“मला विचारू नका. मी काही सांगायचं नाही असं ठरलंय आपलं.” हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला.

काकांनी खिडकीपुढच्या रांगेत उभ्या काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, “तो शब्द मी परत घेतो. तुम्ही आत चला आणि सांगा. मला नाही जमणार. चाळीस वर्षं लोकांचे दात बसवले, पण माझं तोंड उघडत नाही बघा.”

आपण हे करावं का, हे सिस्टरला कळेना. पेशंटने स्वतः बोलावं, हेच तर मोजायला ती निघाली होती. पण समोरचा माणूस उठून उभा राहिला होता, आणि त्याने तिच्या पर्सचा पट्टा धरला होता.

आत गेल्यावर तिने सुरुवात केली. नीट जमलं नाही. “डॉक्टर, यांना हातांना त्रास होता, म्हणून ते रात्रीच्या गोळ्या, म्हणजे काही दिवस, तसं बऱ्याच दिवसांपासून, घेत नव्हते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकांकडे त्यांनी पाहिलंच नाही. “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, सिस्टर?”

“घरी मुलाखतीला गेले होते तेव्हापासून.”

“आणि तुम्ही गप्प राहिलात? वॉर्डात इतकी वर्षं काढलेली बाई? मी डोस वाढवेपर्यंत तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात?”

“मी त्यांना शब्द दिला होता.”

“शब्द. यांचा आजार परत आला असता तर तुमचा शब्द मी कुठे लावला असता? फाईलला?”

जे सिस्टर स्वतःला रोज विचारत होती तेच डॉक्टर विचारत होते. ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

“त्यांना बोलू नका.”

आवाज काकांचा होता, पण तो इतका मोठा होता की दारातून एका पेशंटने डोकावून पाहिलं.

“मी त्यांना शब्दात बांधून घेतलं होतं. बाई मला हात जोडून सांगत होत्या, डॉक्टरांना सांगा, सांगा. मी हो हो म्हणत राहिलो. चूक माझी आहे आणि बोलणी त्यांना बसतायत. हे बरं नाही, डॉक्टर. तुम्ही असं करायचं नाही.”

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काकांना आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण ते एकदम खुर्चीत बसले.

“हात दाखवा,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बोटं उलटसुलट करून पाहिली. एका टोकावर पेनचं टोपण टेकवलं. “कळतं?”

“थोडं.”

“सुरुवातीला किती होतं?”

“काहीच कळत नव्हतं. मेणावर बोट ठेवलं तर मेण आहे हेसुद्धा डोळ्यांनी बघावं लागायचं.”

डॉक्टर मागे टेकले. “मला सांगितलं असतंत, तर मी गोळ्या आठवडाभर थांबवल्या असत्या आणि मग कमी करून दिल्या असत्या. असं आम्ही नेहमी करतो.”

“म्हणजे मी केलं ते बरोबरच होतं?”

“नाही. अजिबात नाही.”

“पण तुम्हीही कमीच केल्या असत्या.”

“हो. पण तुम्ही केलं ते बरोबर नव्हतं.”

काकांनी सिस्टरकडे पाहिलं, जणू तिच्या कागदावर याचं काही उत्तर असेल. तिने नकारार्थी मान हलवली.

एवढ्यात काकू औषधांची पिशवी घेऊन दारात आल्या. डॉक्टरांनी त्यांना बसवलं आणि डोस बदलतोय असं म्हणून थोडक्यात सगळं सांगितलं; गोळ्या बादलीत जायच्या हे काकांनी मधेच कबूल केलं. काकू ऐकत राहिल्या. शेवटी नवऱ्याला म्हणाल्या, “रोज रात्री गोळी हातावर ठेवताना मला वाटायचं, निदान एवढं तरी माझ्या हातून नीट होतंय.”

“अगं, तुला काळजी नको म्हणून.”

“या सिस्टरांना सांगितलंत. बादलीला सांगितलंत. मला नाही.” त्या उठल्या. “हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. दातवाल्याच्याच घरात राहून मला कळलं नाही.”

त्या दिवशी दोघं इस्पितळातून बाहेर पडली ती पुढेमागे चालत, मध्ये चांगलं अंतर ठेवून.

प्रश्नावली दुसऱ्यांदा भरून घ्यायची वेळ आली तेव्हा सिस्टर पुन्हा त्या कामाच्या खोलीत गेली. गोळ्या मध्ये काही दिवस बंद ठेवून आता कमी डोसाने सुरू झाल्या होत्या आणि रात्रीच्या काकूंच्या समोर पोटात जात होत्या. हातांची लाली उतरली होती. बोटांना पुन्हा बरंच कळायला लागलं होतं, पूर्ण नाही. दोघं बोलत होती की नाही, हे सिस्टरला नीट समजेना. काकू दारात उभ्या राहून भाजी निवडत होत्या, आणि काकांच्या प्रत्येक वाक्याला त्यांचं हूं येत होतं.

काकांनी या वेळी फार वेळ घेतला. एकेक ओळ बोटाने वाचली. खुणा करून कागद परत दिला.

सिस्टरने तिथेच बेरीज केली आणि ती पुन्हा केली. पहिल्या वेळच्या निम्मेही गुण नव्हते. जिथे तिथे ‘थोडं पटतं’, ‘फारसं पटत नाही’.

“काका, आता तर तुम्ही बोललात. डॉक्टरांना तोंडावर बोललात. मग हे असं कसं?”

“तेव्हा मला वाटायचं मी फार करतो. आता एकदा करून बघितलं तर लगेच खुर्चीत बसावं लागलं. म्हणजे मला ते येत नाही हे आत्ता कळलं. खोटं कसं लिहू?”

“लिहा खोटं,” काकू दारातून म्हणाल्या. “काल डॉक्टरांना फोन करून रक्ततपासणी कशाला, कधी, किती वेळा, सगळं विचारत होते. माझं डोकं खातात ते वेगळंच. सिस्टर, माझ्याकडून भरून घ्या, मी खरे गुण देते.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“तुमच्यापेक्षा जास्त.”

नंतर गाईड मॅडमनी ते दोन्ही कागद बघून डोक्याला हात लावला. माणूस बोलायला लागला आणि गुण खाली आले. फूटपट्टी वाकडी की मोजायची वस्तूच मध्ये वाढली, हे त्यांनाही सांगता येईना. एकदा म्हणाल्या, याला वगळ. संध्याकाळी फोन करून म्हणाल्या, वगळू नकोस. प्रबंधात सिस्टरने काकांवर एक परिच्छेद लिहिला, तो मॅडमनी खोडला, मग तिने पुन्हा लिहिला. ‘मी तसं सांगतो’च्या जागी ‘मी डॉक्टरांना तसं सांगतो’ असा बदल मात्र दोघींना एकमताने करता आला.

पण ते पुढचं. त्या दिवशी निघताना काकू सिस्टरला फाटकापर्यंत सोडायला आल्या. फाटकाची कडी त्यांनी काढली, पण फाटक उघडलं नाही.

“सिस्टर, एक विचारू? खरं सांगायचं. त्या इतक्या दिवसांच्या गोळ्या गेल्या, त्याने आतमध्ये काही बिघडलं असेल का?”

सिस्टरच्या ओठांवर पेशंटच्या घरच्यांना सांगायची तयार वाक्यं आली होती. ती तिने गिळली.

“मला माहीत नाही, काकू.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही. पुढच्या तपासण्यांत बघायचं, एवढंच.”

काकूंनी हळूहळू मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला नाही, उलट थोडा मोकळा झाल्यासारखा वाटला.

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं सगळ्यांना कळलंय आणि मला एकटीलाच कळत नाहीये.”

त्यांनी फाटक उघडलं. मागच्या खोलीतून काकांनी हाक मारून विचारलं की रात्रीच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर. काकू तिथूनच ओरडून म्हणाल्या, “नंतर,” आणि मग सिस्टरकडे वळून हळूच विचारलं, “नंतरच ना?”

“नंतरच,” सिस्टर म्हणाली. एवढं तिला नक्की माहीत होतं.